काडीवाल्याची दाढ

जागा दोन असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्या वर्षी कंपनीने व्हाइस प्रेसिडेंटची जागा काढली ती एकच, आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेले होते दोघे. एक दादा आणि दुसरा त्याचा मित्र. मित्र हा शब्द दादाचाच. चारचौघांत तो त्याची ओळख 'माझा जिवलग मित्र' अशी करून द्यायचा आणि लगेच विषय बदलायचा.

दादा हे त्याचं घरचं नाव. धाकटी बहीण दादा म्हणायची, तिचं ऐकून आई म्हणू लागली आणि आईचं ऐकून सगळी इमारत. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर एकाहत्तर वर्षांचे, पण तेही दादाच म्हणत. असा हा जगाचा थोरला भाऊ ऑफिसात मात्र चार वर्षं एकाच पायरीवर उभा होता. मित्रही त्याच पायरीवर होता, एवढंच काय ते समाधान. दोघे एकाच बिझनेस स्कूलमधून बाहेर पडले, एकाच दिवशी प्रायव्हेट इक्विटीच्या या कंपनीत चिकटले, शेजारशेजारच्या टेबलांवर बसले. शेवटच्या परीक्षेत दादाला मित्रापेक्षा शून्य पूर्णांक तीन गुण जास्त होते. ही गोष्ट जगात फक्त दादाला आठवत होती.

आपण नेमकं काय काम करतो हे त्याने आईला एकदा समजावून सांगितलं होतं. "लोकांचे पैसे घ्यायचे, त्यातून एखादी कंपनी विकत घ्यायची, चार-पाच वर्षं तिला सुधारायचं आणि मग चढ्या भावाने विकायची."

"म्हणजे जुनं घर घेऊन, रंग देऊन विकतात तसं?"

"साधारण तसंच."

"मग तू रंग देतोस?"

"नाही गं. रंगाला खर्च किती येईल त्याचा तक्ता करतो."

आई म्हणाली, "तुझा तो मित्रही तक्तेच करतो का रे? किती हसतमुख आहे नाही!"

आता या धंद्यात वर चढायची मेख अशी, की खालच्या पायऱ्यांवर दुसऱ्याने आणलेल्या डीलचे तक्ते करून भागतं, पण पुढची पायरी हवी असेल तर डील स्वतः आणावं लागतं. कुणीतरी मालक गाठायचा, त्याला विकायची बुद्धी द्यायची आणि हाताला धरून ऑफिसात आणायचं. दादाने प्रयत्न केला नव्हता असं नाही. स्प्रिंगा बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारखानदाराच्या मागे तो नऊ महिने होता. त्याच्या स्प्रिंगांचं कौतुक केलं, त्याच्या गुडघेदुखीची चौकशी केली, नातवंडांचे तीन अल्बम पाहिले. नवव्या महिन्यात कारखानदाराने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, की तुमच्याशी बोलून मला आपल्या माणसांची किंमत कळली. आणि कारखाना जावयाच्या नावावर केला.

मित्र मात्र एका शनिवारी दात साफ करून घ्यायला गेला आणि बावीस दवाखाने घेऊन आला. दंतवैद्यांची साखळी होती ती, मालकीण एक डॉक्टरबाई. याने खुर्चीत आडवं पडल्या पडल्या, तोंडात नळी असताना तिचा विश्वास संपादन केला म्हणे. दात कोरून पोट भरत नाही असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि या गृहस्थाने दात कोरून घेता घेता व्हाइस प्रेसिडेंटची जागा जवळजवळ भरत आणली! दादाने ही बातमी ऐकली तेव्हा तो हसला, मित्राच्या पाठीवर थाप मारली, आणि मग जिन्यात जाऊन दहा मिनिटं नुसता उभा राहिला. जळत होता बिचारा. दुसरा शब्द नाही.

पण देव सगळ्यांकडे पाहतो. त्यांच्या ऑफिसात एक जुनी पद्धत होती. कुठलंही डील, पैसे घालायचे की नाही हे ठरवणाऱ्या कमिटीपुढे जाण्याआधी ऑफिसातल्याच एकाला त्याच्या विरोधात उभं करायचं. त्याने तीन आठवडे त्या कंपनीतली भोकं शोधायची आणि कमिटीसमोर डील का करू नये ते ठणकावून सांगायचं. या माणसाला कागदोपत्री भारदस्त नाव होतं, पण सगळे त्याला काडीवाला म्हणत, कारण दुसऱ्याच्या कामात काडी घालणं हेच त्याचं काम. सहसा कुणी हे काम आनंदाने घेत नसे.

सर्वांत मोठ्या पार्टनरांनी दादाला बोलावलं. हे गृहस्थ मितभाषी. समोरचा काहीही बोलला तरी त्यांचं उत्तर एकच, "मग?" त्यामुळे त्यांना पाठीमागे मगसाहेब म्हणत.

"दवाखान्यांच्या डीलला काडीवाला तू," मगसाहेब म्हणाले.

"सर, पण तो माझा जिवलग मित्र आहे."

"मग?"

दादा बाहेर आला तो तरंगत. चार वर्षं जो मत्सर त्याने चोरून पोसला, त्याला आज ऑफिसने ओळखपत्र दिलं होतं. मित्राला पाडणं हे आता पाप नव्हतं, कर्तव्य होतं.

इमारतीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. मास्तर स्वतः वर आले. त्यांचं दंतवैद्यांशी जुनं वैर होतं. "दादा, लिहून ठेव. हे सगळे चोर. तू असं कर, धडधाकट माणूस म्हणून यांच्या पाच दवाखान्यांत जा आणि तोंड उघड. प्रत्येक जण वेगळा दात किडलाय म्हणून सांगेल. पाच दवाखाने, पाच दात! हाच पुरावा."

दादा खूश झाला. एवढी सोपी, शास्त्रशुद्ध परीक्षा बिझनेस स्कूलनेही शिकवली नव्हती. बायको भाजी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "पण तुझे दात चांगले आहेत का?"

"ठणठणीत! दहा वर्षांत डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही."

"म्हणूनच विचारलं," बायको म्हणाली. पण बायकोचं ऐकायचं असतं तर माणूस मास्तरांना चहाला कशाला बसवेल?

पहिली अडचण ऑफिसातच आली. भर दिवसा दवाखान्यात जायचं तर रजेचा अर्ज हवा. रजा सांभाळणाऱ्या बाई नियमाला पक्क्या. "आजारी म्हणून जाताय की कामासाठी?"

"कामासाठी. पण आजारी म्हणून."

"म्हणजे आजारी आहात?"

"नाही. आजारी नसताना आजारी म्हणून जायचं, हेच काम आहे."

बाईंनी संगणकावर वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असा रकाना नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी 'कौटुंबिक कारण' भरलं. दादाने मनाशी म्हटलं, मित्र म्हणजे कुटुंबच की.

पहिल्या दवाखान्यात एक्केचाळीस प्रश्नांचा फॉर्म होता. घोरता का, नखं खाता का, रात्री दात खाता का. शेवटच्या प्रश्नाला त्याने 'नाही' लिहिलं. खरं तर मित्राला दवाखाने मिळाल्यापासून तो दिवसाही खात होता. एका तरुण डॉक्टरणीने आरशाने सगळं तोंड फिरून पाहिलं, एका दाढेवर टोकदार काहीतरी टुकटुक वाजवलं आणि म्हणाली, "खाली उजवीकडे, शेवटून दुसरी. आतून किडलीय. वाचेल, पण लवकर या."

दादा नाचायचा बाकी होता. भामटे! त्याने वहीत लिहिलं, 'दवाखाना एक: खाली उजवी, शेवटून दुसरी.' दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरने टुकटुक केलं. खाली उजवी, शेवटून दुसरी.

हे अवघड झालं. पण दादाचं डोकं तक्त्यांवर पोसलेलं. त्याच्या लगेच लक्षात आलं, की सगळ्या दवाखान्यांचा संगणक एक आहे! एकाने नोंद केली की बाकीचे वाचून तेच सांगतात. म्हणून तिसऱ्या ठिकाणी त्याने खोटं नाव द्यायचं ठरवलं आणि ऐन वेळी तोंडात आलं ते मास्तरांचं. नावाबरोबर मास्तरांचा फोन नंबर आणि मास्तरांचं वयही दिलं.

"एकाहत्तर?" काउंटरवरची मुलगी डोळे मोठे करून म्हणाली. "किती छान ठेवलंय हो स्वतःला!"

खाली उजवी, शेवटून दुसरी.

चौथ्या ठिकाणीही तीच. एव्हाना चार तज्ज्ञांनी ठोकून ठोकून त्या दाढेला जागं केलं होतं. गार पाणी लागलं की कानापर्यंत कळ जाई. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, दादाने दात दाखवून करून घेतलं. बरं, थांबावं की नाही? पण मत्सरी माणसाला अर्ध्यावर थांबता येत नाही. पाचव्या दवाखान्यात तो पुन्हा मास्तरांच्याच नावाने खुर्चीत आडवा होता, गळ्यात कागदी रुमाल, गालात कापूस, तोंडात थुंकी ओढणारी नळी. तेवढ्यात दार उघडलं आणि आत आल्या मालकीण डॉक्टरबाई. त्यांच्या मागे हसतमुख मित्र, पाहणीला आलेला.

तिथल्या काउंटरवरची मुलगी उत्साहाने म्हणाली, "हे बघा ना मॅडम, हे मास्तर. वय एकाहत्तर, आणि एक दाढ सोडली तर सगळे दात शाबूत!"

डॉक्टरबाई वाकून पाहू लागल्या. "एकाहत्तर? केस रंगवता वाटतं?"

तोंडात नळी असलेल्या माणसाला काय उत्तर देता येतं? दादाने मान हलवली, ती होकारार्थी पडली. मित्र पायाशी उभा होता. त्याने दादाकडे पाहिलं, दादाने छताकडे. आता हा हसणार, सगळं फोडणार, आणि उद्या ऑफिसभर आपली शोभा होणार! पण मित्र हसलाच नाही. गंभीरपणे हात जोडून म्हणाला, "नमस्कार मास्तर. दुखणं अंगावर काढू नका. जपा." आणि डॉक्टरबाईंना घेऊन निघून गेला.

याने फोडलं असतं तर दादाने त्याला माफ केलं असतं. पण याने झाकलं! हा माणूस चांगलाही असावा, हे फार झालं.

त्या संध्याकाळी मास्तर फोन नाचवत वर आले. त्यांना दवाखान्याकडून दिवसाला दोन निरोप येत होते. "'आपली दाढ आपली वाट पाहत आहे.' दादा, माझ्या तोंडात एक दात नाही! पंधरा वर्षं कवळी लावतोय मी! कसली दाढ, आणि कुठे वाट पाहतेय?" दादाने त्यांना सगळं खरं सांगितलं. मास्तर पाच मिनिटं संतापले आणि मग म्हणाले, "पण वय एकाहत्तर सांगितलंस, ते त्यांनी मानलं?" मानलं म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. जाता जाता त्यांनी साखळीबाहेरच्या एका दंतवैद्याला दाखवायचा सल्ला दिला. दादा गेला. तो दंतवैद्य म्हणाला, "खाली उजवी, शेवटून दुसरी. काढूनच टाकू."

म्हणजे साखळीचे पाचही दवाखाने खरं बोलत होते, वर दाढ वाचवतो म्हणत होते, आणि बाहेरचा उपटायला निघाला होता. मित्राचं डील चांगलं आहे याचा एवढा भक्कम पुरावा खुद्द मित्राकडेही नसेल. तो दादाच्या तोंडात होता.

पुरावा त्याने तोंडातच ठेवला आणि बाकीच्या भोकांमागे लागला. आणि त्याला ती सापडलीही. सहा दवाखान्यांच्या जागांचे करार पुढच्या वर्षी संपत होते. तरुण डॉक्टर सरासरी चौदा महिन्यांत नोकरी सोडत होते. नोंदणीच्या वेळी कुणी ओळखपत्र मागत नाही आणि कुणीही एकाहत्तर वर्षांचा होऊ शकतो, हाही मुद्दा त्याने तळटिपेत घातला. बासष्ट पानं झाली. चार वर्षांत एवढं नेटकं, एवढं धारदार काम त्याच्या हातून झालं नव्हतं. प्रत्येक पान लिहिताना मित्राचा पडलेला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे असे आणि वाक्यं आपोआप सुचत. गाल मात्र वेदनाशामक गोळ्यांवर तगून होता.

कमिटीच्या दिवशी सकाळी दादा उठला तो गाल हातात धरून. उजवी बाजू टम्म. बायकोने एकदा पाहिलं आणि चप्पल घातली. "चल."

"नको. अकराला कमिटी आहे. आज जागा हातची गेली तर—"

"हे तोंड घेऊन बोलणार आहेस? चल म्हणते ना!"

कोपऱ्यावरचा दवाखाना साखळीतलाच निघाला. पहिल्या दवाखान्यातली तरुण डॉक्टरण त्या दिवशी तिथे होती. "मी म्हटलं होतं ना लवकर या," एवढंच म्हणाली. तिने दोन इंजेक्शनं दिली, दाढ उघडली, आतली घाण काढली आणि तात्पुरतं बुजवलं. पाऊण तासात दादाची कळ गेली. कित्येक दिवसांनी पहिल्यांदा त्याला काहीच दुखत नव्हतं. जीभही दुखत नव्हती आणि ओठही, कारण ते दोन्ही आहेत की नाहीत हेच कळत नव्हतं.

अकराला तो लांब टेबलाच्या टोकाशी उभा राहिला. समोर मगसाहेब आणि चार पार्टनर, शेजारी मित्र. दादाने बासष्ट पानी अहवाल उघडला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "आदगणीय शगश्य हो, हे दील शाप शुकीचं आहे."

एका पार्टनरने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. दादा प्यायला, त्यातलं अर्धं पाणी टायवरून खाली आलं.

"मग?" मगसाहेब म्हणाले.

दादाने पुन्हा सुरुवात केली. करारांचा मुद्दा त्याने तीनदा सांगितला, तो तिन्ही वेळा वेगवेगळ्या भाषांत. तेव्हा मित्र उठला. "सर, त्याला त्रास होतोय. मी वाचू का त्याचा अहवाल?"

आणि त्याने वाचला! स्वतःच्या डीलच्या विरोधातली बासष्ट पानं, एक ओळ न गाळता, खणखणीत आवाजात. जिथे दादाने चिमटा काढला होता तिथे त्याने थांबून चिमटा नीट लागू दिला. दादा ऐकत होता आणि त्याला जाणवत होतं, की आपण स्वतः वाचलं असतं तर एवढं चांगलं वाटलं नसतं. शेवटी मित्र म्हणाला, "यातला प्रत्येक मुद्दा बरोबर आहे. मी भाव खाली आणून घेतो आणि सहा करार आधी वाढवून घ्यायची अट घालतो. हे काम झालं नसतं तर आपण फसलो असतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या मित्राकडे पाहून डोलावल्या हे दादाने नेमकं टिपलं.

मगसाहेबांनी चष्मा काढला. आयुष्यात पहिल्यांदाच ते सलग बोलले. "एकच विचारतो. तोंडाला हे काय झालंय?"

दादाने दाढेकडे बोट दाखवलं.

"कुणी उपचार केले? बाहेर कुणी?"

आता इथे नुसती मान वर-खाली केली असती तर काम झालं असतं. जागा त्या एका मानेवर होती. पण दादाने आयुष्यात तक्त्यातला एक आकडा कधी खोटा लिहिला नव्हता. मान आडवी हलली.

"यांच्याच दवाखान्यात?"

मान उभी हलली.

"आता दुखतंय?"

दादाने आत चाचपून पाहिलं. कुठेही, काहीही दुखत नव्हतं. मान आडवी हलली.

"मग?" मगसाहेब म्हणाले आणि डील मंजूर झालं. बैठकीच्या वृत्तांतात नोंद झाली, की 'विरोधी बाजूने तोंडी आक्षेप काही आला नाही.'

डॉक्टरबाईंनी खालचा भाव मान्य केला. मित्राचं नाव झालं. आता जागा त्याचीच, हे झाडूवाल्यालाही माहीत होतं. दादाने घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "जाऊ दे रे. दाढ तरी वाचली." त्याला वाटलं, दाढ गेली असती आणि मित्र राहिला असता तर चाललं असतं. म्हणजे खालच्या पायरीवर राहिला असता तर.

सोमवारी मगसाहेबांनी बोलावलं. "तो गेला," ते म्हणाले.

"कुठे?"

मगसाहेबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे पंचवीस मजली इमारत होती, तिच्यात यांच्या दसपट मोठी प्रायव्हेट इक्विटीची कंपनी. मित्राला त्यांनी प्रिन्सिपल म्हणून नेलं होतं. व्हाइस प्रेसिडेंटच्याही वरची पायरी, मधली ओलांडून थेट!

"जागा तुझी," मगसाहेब म्हणाले.

"सर, पण ती तर त्याने नको म्हटल्यामुळे—"

"मग?"

अशा रीतीने दादा व्हाइस प्रेसिडेंट झाला. आईने नातेवाइकांना फोन लावले, मास्तरांनी 'आमच्या नावावर झालं हो सगळं' म्हणून इमारतीत सांगितलं, बायकोने विचारलं, "आता तरी खूश आहेस ना?" तो हो म्हणाला. केबिन मिळाली, दारावर पाटी लागली. आत बसून त्याने पहिल्या दिवशी एक तक्ता उघडला आणि दोन तासांत एक आकडाही भरला नाही. शेजारी टेबल नव्हतं. कुणाच्या आधी यायचं, कुणाच्या नंतर निघायचं, कुणाला किती पानं झाली हे मान वाकडी करून बघायचं, काहीच उरलं नव्हतं. चार वर्षं आपण पगारासाठी येतो अशी त्याची समजूत होती. खरं तर तो मित्राला बघायला येत होता.

बिझनेस स्कूलच्या जुन्या ग्रुपवर मित्राच्या बातमीला एकशे चौदा अभिनंदनं आली होती. दादाने ती मोजली. मग दुपारी अगदी सहज म्हणून स्वतःची बातमी टाकली. चार वाजेपर्यंत एक अभिनंदन आलं, मित्राचं. 'दादा, तुझ्याइतकं बारकाईने काम करणारा माणूस मी पाहिला नाही. ही जागा आधीपासून तुझीच होती. दाढ कशी आहे?'

दादाचे कान तापले. नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात याला निरोप लिहायला फुरसत मिळते! त्याने 'आभार' असं लिहिलं, पुसलं. 'दाढ ठीक' लिहिलं, पुसलं. बराच वेळ समोरच्या पंचवीस मजल्यांकडे बघत राहिला, आणि मग लिहिलं, 'तिकडे आणखी एखादी जागा आहे का रे?'

उत्तर लगेच आलं. 'आहे ना! पण माझ्या हाताखाली.'

दादाने उठून नव्या केबिनचं दार आतून लावून घेतलं आणि बायोडेटा उघडला.